चालायचे पैसे मागतेस?

२०२५ च्या १७ मेला आम्ही चाळीसेक जण तिबेटमधल्या लोकांच्या हक्कांसाठी लंडनमध्ये साडेसात मैल चालणार आणि त्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करतोय असं आईला फोनवर सांगितलं, तर ती आधी गप्पच बसली आणि मग म्हणाली, "चालाचे पैसे मांगतेस? वारीले जाणारा मानूस कोनाले पैसे मांगते का?" तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिचं बरोबरच होतं, आपल्याकडे चालणं म्हणजे नवस नाहीतर वारी, ते स्वतःसाठी किंवा विठोबासाठी असतं, त्याचे मैलामागे पैसे लावायचे ही कल्पनाच आपली नाही.

पण इथे इंग्लंडमध्ये स्पॉन्सर्ड वॉक ही अगदी घरगुती गोष्ट आहे, शाळेतली पोरंसुद्धा करतात. एक कागद असतो, स्पॉन्सर फॉर्म, तो घेऊन शेजारीपाजारी, ऑफिसात, दुकानात फिरायचं, मी इतके मैल चालणार आहे, तुम्ही मैलामागे ५० पेन्स द्या नाहीतर एकदम ५ पाउंड द्या, आणि ते पैसे माझ्याकडे राहत नाहीत, अमुक एका नोंदणीकृत चॅरिटीला जातात. देणारा इथे टॅक्स भरत असेल आणि त्याने फॉर्मवर नाव आणि घरचा पत्ता लिहून गिफ्ट एडवर टिक केलं असेल तर सरकार त्या संस्थेला प्रत्येक पाउंडामागे वरून २५ पेन्स देतं. ऑफिसचा पत्ता चालत नाही, घरचाच लागतो, हे सगळ्यांना आधीच बजावून सांगा नाहीतर नंतर एकेकाच्या मागे फिरावं लागतं.

आईला मी दुसऱ्या दिवशी परत फोन केला आणि सांगितलं की आई, पैसे हे निमित्त आहे, तो कागद पुढे केला की समोरचा माणूस विचारतो "कशासाठी?" आणि मग मला दोन मिनिटं बोलता येतं. ती दोन मिनिटं एरवी मला कुणीच देत नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला मी एकदम तिबेटबद्दल सांगायला लागले तर ती उठून दुसरीकडे बसेल, पण फॉर्म हातात असला की तीच बाई नीट ऐकून घेते. माझ्यासाठी अख्ख्या वॉकचं मोल त्या दोन मिनिटांत आहे.

आता तिबेटच का, तर मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातली, गोंदिया जिल्हा, आणि आमच्या तालुक्यातच गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. १९७२ साली वसवली, तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. आम्ही तिला फक्त तिबेटी कॅम्प म्हणायचो. बर्फातून आलेली माणसं आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, धानाच्या बांध्या, सागाचं जंगल, आणि मधेच ते रंगीत पताकांचे दोर आणि गोम्पा, म्हणजे त्यांचा बौद्ध मठ. लहानपणी आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. हिवाळ्यात ही माणसं नागपूरला स्वेटर विकायला जातात एवढंच माहीत. महाराष्ट्रात कितीतरी घरांत तिबेटी स्वेटरवाल्यांकडून घेतलेला एखादा स्वेटर असेल, आणि ती माणसं इथे का आहेत हे विचारायचं मात्र आपल्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. १९५९ च्या मार्चमध्ये तिबेटच्या राजधानीत, ल्हासात, चीनविरुद्ध उठाव झाला तेव्हा काय झालं, दलाई लामा का निघाले, त्यांच्या मागून हजारो लोक हिमालय ओलांडून कसे आले, हे मी लंडनला आल्यावर वाचलं, आणि वाईट वाटलं की तासाभराच्या अंतरावर ही माणसं होती तेव्हा आपण कधी विचारलंच नाही.

१७ मे ही तारीख एका मुलाची आहे. गेधुन चोएकी न्यिमा, जन्म २५ एप्रिल १९८९. दलाई लामांनी १४ मे १९९५ ला जाहीर केलं की हाच नवा पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखालचा तिबेटी धर्मगुरू, आणि तीन दिवसांत, १७ मेला, चीनच्या अधिकाऱ्यांनी त्याला आईवडिलांसकट उचललं. वय ६ वर्षं. त्यानंतर बाहेरच्या कुणीही त्याला पाहिलेलं नाही. ज्या मठाधिपतींनी त्याला शोधायच्या कामाचं नेतृत्व केलं होतं त्या चाद्रेल रिन्पोछेंना १९९७ मध्ये ६ वर्षांची शिक्षा झाली. चीनने त्याच वर्षअखेर, म्हणजे १९९५ मध्येच, दुसरा मुलगा गादीवर बसवला. २०२० मध्ये चीनच्या परराष्ट्र खात्याला विचारलं तर उत्तर आलं की त्याचं कॉलेज पूर्ण झालंय, नोकरी करतो, त्याला आणि कुटुंबाला त्रास नकोय. बरं, मग एकदा दिसू दे ना. २०२५ मध्ये त्या गोष्टीला ३० वर्षं झाली, तो मुलगा तेव्हा ३६ वर्षांचा असेल, आणि जगाकडे अजून तोच एक फोटो आहे, लाल गालांचा लहान मुलगा.

सुरुवातीला आमच्या पत्रकात मी खूप आकडे घातले होते. २००९ पासून दीडशेहून जास्त तिबेटी लोकांनी स्वतःला पेटवून घेतलं, २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सांगितलं की सुमारे १० लाख तिबेटी मुलं सरकारी निवासी शाळांत घातली जातायत जिथे शिक्षण जवळजवळ सगळं चिनीत, असं सगळं. खरं आहे, महत्त्वाचंही आहे, पण फॉर्म घेऊन फिरायला लागले तेव्हा कळलं की आकडा सांगितला की माणूस मान हलवतो आणि पेन शोधायला लागतो, त्याला सुटका हवी असते. नाव सांगितलं की तो प्रश्न विचारतो. "सहा वर्षांचा? आणि आईवडील?" हा प्रश्न मला किमान वीस जणांनी विचारला असेल.

ही काही माझी अक्कल नाही. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्कांसाठी काम करणारी संस्था १९६१ मध्ये इथेच लंडनमध्ये सुरू झाली तेव्हा पीटर बेनेन्सन नावाच्या वकिलाने हेच केलं होतं, वर्तमानपत्रात लेख लिहिला त्यात मोजक्या कैद्यांची नावं आणि गोष्टी दिल्या, आणि मग गावोगावच्या छोट्या गटांना प्रत्येकी तीन कैदी वाटून दिले, एक पाश्चात्त्य देशातला, एक कम्युनिस्ट देशातला आणि एक बाकीच्या जगातला. म्हणजे कुणाच्या बाजूचे असा आरोपच नको. आम्हीही ठरवलं, मैलाला एक नाव. प्रत्येक मैल संपला की थांबायचं, पाणी प्यायचं आणि कुणीतरी एकाने त्या माणसाची गोष्ट सांगायची, दोन मिनिटांच्या वर नाही. वारीत विसावा असतो तसं.

त्यातलं ताशी वांगचुकचं नाव मी स्वतःकडे घेतलं. चीनच्या ताब्यातल्या युशू या तिबेटी भागातला साधा दुकानदार. त्याचं म्हणणं एवढंच की माझ्या भावाबहिणींच्या पोरांना शाळेत तिबेटी शिकवा. २०१५ मध्ये त्याने एका अमेरिकन वर्तमानपत्राच्या व्हिडिओत चेहरा न लपवता हे सांगितलं, बीजिंगला जाऊन कोर्टात दाद मागायचा प्रयत्न केला, जानेवारी २०१६ मध्ये त्याला पकडलं आणि फुटीरतेला चिथावणी दिल्याच्या आरोपाखाली ५ वर्षं आत ठेवलं. माझ्या मुलीला मी दर रविवारी मराठी शाळेत नेते, तिथे बाराखडी गिरवताना ती कंटाळते आणि आम्ही दोघी भांडतो, आणि इकडे एक माणूस त्याच बाराखडीसाठी पाच वर्षं तुरुंगात. ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही, मराठी मंडळातल्या ज्यांना ज्यांना सांगितली त्यांनी सगळ्यांनी सही केली.

तिबेटसाठी चालणं हेही नवं नाही. दलाई लामांचे थोरले भाऊ थुब्तेन जिग्मे नोर्बू अमेरिकेत राहायचे, त्यांनी म्हातारपणी तिथे लांब लांब पदयात्रा काढल्या, १९९६ मध्ये वॉशिंग्टनपासून न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांपर्यंत चालले. त्यांचा मुलगा जिग्मे नोर्बू तेच पुढे करत राहिला, आणि १४ फेब्रुवारी २०११ ला फ्लोरिडात अंधार पडल्यावर हायवेच्या कडेने चालताना गाडीच्या धडकेने गेला. ४५ वर्षांचा होता. २००८ मध्ये धरमशाळेहून शंभरेक तिबेटी दांडीयात्रेचा आदर्श घेऊन पायी तिबेटकडे निघाले, १० मार्चला, आणि तीनच दिवसांत आपल्याच पोलिसांनी कांगडा जिल्ह्यात त्यांना अडवून ताब्यात घेतलं. हेही मी लोकांना सांगते, कारण आपल्याला सोयीचं तेवढंच सांगितलं तर ऐकणाऱ्याचा विश्वास का म्हणून बसावा.

जिग्मे नोर्बूबद्दल वाचल्यावर मी एक नियम केला, वाहत्या रस्त्याच्या कडेने चालायचं नाही आणि उजेडातच संपवायचं. म्हणून थेम्सचा काठ. पुटनीच्या पुलापासून दक्षिण काठाने वॉन्ड्सवर्थ, बॅटरसी, व्हॉक्सहॉल, लॅम्बेथ आणि मग आत वळून इम्पीरियल वॉर म्युझियमशेजारची तिबेटी शांतता बाग. साधारण १२ किलोमीटर. मार्ग ठरवल्यावर तो आधी स्वतः चालून बघा हे मी कितीही वेळा सांगेन, नकाशावर काही कळत नाही. आमचा पहिला बेत होता की पुलाच्या वरच्या अंगाला जिथे होड्यांचे क्लब आहेत तिथल्या काठावर जमायचं. मी बघायला गेले गुढीपाडव्याच्या दिवशी, ३० मार्च, सकाळी श्रीखंड करून ठेवलं आणि दुपारी गेले, तर रस्त्यावरच पाणी, नदी सरळ वर आलेली, उभ्या गाड्यांची चाकं बुडतायत. पाडवा म्हणजे आदल्या दिवशी अमावस्या, म्हणजे उधाणाची भरती, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागलं नसतं, पण मी झाडीपट्टीची, तळ्यांच्या प्रदेशातली, मला नदीला भरती येते हेच लक्षात राहत नाही. मग जमायची जागा बदलून पुलाजवळच्या सेंट मेरी चर्चसमोर घेतली, आणि ते फार बरं झालं, कारण त्याच चर्चमध्ये १६४७ साली राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या सैन्यातले शिपाई आणि अधिकारी बसून वाद घालत होते की राज्य कुणाच्या संमतीने चालावं, आणि त्यातला एक कर्नल रेन्सबरो उभा राहून म्हणाला होता की इंग्लंडमधल्या सगळ्यात गरीब माणसालाही सगळ्यात मोठ्या माणसाइतकंच जगायचं आयुष्य आहे. हक्कांसाठी चालायला निघायला यापेक्षा चांगली जागा कुठली.

बाकी कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. एखाद्या विषयाच्या प्रचारासाठी रस्त्याने गटाने चालायचं असेल तर १९८६ च्या पब्लिक ऑर्डर ॲक्टप्रमाणे पोलिसांना ६ पूर्ण दिवस आधी लेखी कळवावं लागतं, तारीख, वेळ, मार्ग आणि आयोजकाचं नाव पत्ता. परवानगी मागायची नसते, कळवायचं असतं, हा फरक मला फार आवडला. रस्त्यात डबा वाजवून पैसे मागायचे असतील तर त्याचं वेगळं परमिट, म्हणून आम्ही डबे ठेवलेच नाहीत, फक्त फॉर्म आणि ऑनलाइन पान. इन्शुरन्स लागतो. सार्वजनिक टॉयलेट कुठे आहेत आणि शनिवारी उघडी असतात का हे लिहून ठेवा, चार तासांच्या चालण्यात म्हाताऱ्या माणसांसाठी ह्याच्याइतकं महत्त्वाचं काही नाही. एका हॉलवाल्यांनी आधी हो म्हणून नंतर "विषय राजकीय आहे" म्हणून नाही सांगितलं, तेव्हा चहाची सोय बागेतच थर्मासमधून केली.

पण ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला ते म्हणजे फोटो. पहिल्याच मीटिंगला एक तिबेटी मुलगी आली होती, नर्स आहे. बोलता बोलता कळलं की ती गोठणगावची, नोर्ग्येलिंगमध्ये जन्मली. मी मराठीत बोलले तर तिने सरळ आमच्या झाडीच्या बोलीत उत्तर दिलं, "ताई, तू मोरगावची का? मी बारावी तठीच केली." लंडनमधल्या त्या खोलीत मला रडूच आलं. तिचं नाव मी इथे लिहीत नाहीये आणि त्याचं कारणच मला सांगायचंय. तिच्या आजीकडचे नातेवाईक अजून तिबेटमध्ये आहेत. पूर्वी कधीतरी फोन व्हायचा, मग त्यांनीच निरोप दिला की आता करू नका, बाहेरच्यांशी बोललं म्हणून चौकशीला बोलावतात. इथल्या मोर्चात हिचा चेहरा दिसला तर तिकडे कुणाच्या दारावर थाप पडेल सांगता येत नाही. तिला यायचं होतं, अगदी मनापासून, पण मास्क लावून.

आपण सगळे किती सहज मोबाईल काढतो. मी स्वतः आधी ठरवलं होतं की भरपूर फोटो, रील, लाइव्ह, त्याशिवाय लोकांपर्यंत पोचणार कसं. ते सगळं रद्द केलं. ज्यांना फोटो चालेल त्यांनी हातावर पिवळी फीत बांधायची, फीत नसेल तर त्या माणसाकडे कॅमेरा वळवायचा नाही, गटाचा फोटो फक्त पाठमोरा, आणि दोन व्हॉलंटियर फक्त हेच बघायला. येणाऱ्यांची यादी फक्त एका वहीत, ईमेलवर नाही, आणि वॉक झाल्यावर ती फाडून टाकली. काही जणांना हे अति वाटलं. मला नाही वाटत. दुसऱ्याच्या हक्कांसाठी चालायचं आणि त्याच माणसाला धोक्यात घालायचं असं कसं चालेल?

सकाळी ब्रीफिंगमध्ये अजून एक गोष्ट सांगितली, चिनी माणसांविरुद्ध एक शब्दही नको, आपलं भांडण सरकारशी आहे. वाटेत बॅटरसी पार्कमध्ये दोन चिनी विद्यार्थी थांबले, फलकावरचा फोटो बघितला, एकाने विचारलं हा कोण, मी सांगितलं, तो म्हणाला की हे नाव मी कधीच ऐकलं नाही. वाद नाही घातला त्याने. पत्रक घेतलं नाही, पण नाव परत एकदा विचारून घेतलं.

त्याच पार्कमध्ये नदीकाठी शांती पॅगोडा आहे, जपानी भिक्खूंनी १९८५ मध्ये बांधलेला, चौथा मैल तिथे संपत होता. तो ज्या पंथाचा आहे त्याचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते, आणि वर्ध्याला त्यांच्याच पंथाचा स्तूप आहे, आम्ही शाळेच्या सहलीत बघितलेला. हे भिक्खू डफासारखं चपटं वाद्य वाजवत जगभर शांततेसाठी चालतात. मी हे सगळ्यांना सांगितलं आणि मग त्या नर्स मुलीने तिथे केलसांग नाम्त्सोची गोष्ट सांगितली, १७ वर्षांची भिक्षुणी, ३० सप्टेंबर २००६ ला नांगपा ला खिंडीतून नेपाळकडे येताना चिनी जवानांनी पाठीमागून गोळी घातली, जवळच्या चो ओयू शिखरावर चढायला आलेल्या गिर्यारोहकांनी ते डोळ्यांनी बघितलं आणि त्यातल्या एका रोमानियन माणसाने शूट केलं म्हणून जगाला कळलं. सांगताना तिचा आवाज अगदी शांत होता. त्याच हिमालयातून तिची आजी आली होती, खूप आधी, दुसऱ्या खिंडीने. नंतर पुढचा अर्धा मैल कुणीच बोललं नाही.

शेवट तिबेटी बागेत. दलाई लामांनी मे १९९९ मध्ये उघडलेली छोटीशी गोल बाग, मधे मंडल, आणि दाराशी एक खांब, त्यावर त्यांचा संदेश चार भाषांत कोरलाय, तिबेटी, इंग्रजी, चिनी आणि हिंदी. भर लंडनमध्ये दगडावर देवनागरी. माझ्या मुलीने बोट ठेवून एकेक अक्षर लावून वाचलं, तीच मुलगी जी बाराखडीला कंटाळते.

मंडळातल्या एका काकांनी चहा पिताना मला विचारलं, आधीही विचारलं होतं, की आपल्या देशात काय कमी अन्याय आहे का, मग हे परदेशातलं कशाला? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. आपल्याकडचं बोलायलाच हवं आणि मी बोलते. पण तिबेटमधल्या माणसाला स्वतःसाठी असा फॉर्म घेऊन दारोदार जाता येत नाही, पाच माणसं जमवून चालता येत नाही, ताशी वांगचुक एकटा बोलला तर पाच वर्षं गेली. ज्याला बोलता येतं त्याने त्याच्या वतीने बोलावं, एवढंच. ॲम्नेस्टीमध्ये तर कितीतरी वर्षं नियमच होता की सदस्यांनी स्वतःच्या देशातल्या केसवर काम करायचं नाही, इथल्यांनी तिथल्यांसाठी आणि तिथल्यांनी इथल्यांसाठी. काकांना पूर्ण पटलं असं नाही, पण त्यांनी फॉर्मवर २० पाउंड लिहिले.

पैसे मात्र चालून झाल्यावर लगेच हातात येत नाहीत. जवळजवळ सहा आठवडे मी आणि अजून तिघी जणी लोकांच्या मागे होतो, आणि त्यावर एकच उपाय, वॉकच्या दुसऱ्याच दिवशी जा, तेव्हा लोक आपणहून विचारतात कसं झालं. दोन आठवड्यांनी गेलं की विसरलेले असतात. आईनेही पाठवले, ५०१ रुपये, मैलाचा हिशोब न करता. तिचे गिफ्ट एडमध्ये धरता येत नाहीत, ते मी वेगळे ठेवलेत, जानेवारीत गावी जाईन तेव्हा गोठणगावला जायचंय, त्या नर्स मुलीच्या आईवडिलांना भेटायला, तिने लोणचं आणायला सांगितलंय.

२०२६ मध्ये १७ मे रविवारी येतो. आदल्या दिवशी अमावस्या आहे, अधिक महिना सुरू होतोय, म्हणजे पुन्हा उधाण. जमायचं चर्चच्याच बाजूला, सकाळी ९ ला. फॉर्म मार्चपासून देईन.